एकाच चाकाचं चौथं पंक्चर: साताऱ्यातल्या आमच्या इलेक्ट्रिक लोडरचं प्रकरण

साताऱ्यात करंज्याच्या बाजूला मामाचा पाण्याच्या जारचा धंदा आहे, छोटा आरओ प्लांट, आणि दीड वर्षापूर्वी मामानं जुनी डिझेलची तीनचाकी काढून इलेक्ट्रिक तीनचाकी लोडर घेतला. गाडी दाजी चालवतात, माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. मी ऑर्डरी, हिशोब आणि गाडीचं जे काय निघेल ते बघतो. नाती आधीच सांगून ठेवतो कारण पुढच्या भानगडीत त्यांचाही वाटा आहे, दाजींना तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणणं किती अवघड असतं ते ज्याला थोरली बहीण आहे त्यालाच कळणार.

मे संपता संपता सुरू झालं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मागचं डावं चाक चार वेळा बसलं. बाकीची दोन चाकं ठणठणीत. पहिलं पंक्चर राधिका रोडला काढलं, दुसरं गोडोलीत, तिसरं वाढे फाट्याला, म्हणजे गाडी जिथं बसली तिथं जो जवळ सापडला त्याच्याकडून ठिगळ मारून घेतलं, पैसे दिले आणि निघालो, कारण जार वेळेत पोचला नाही की ऑफिसांचे फोन सुरू होतात. तिन्ही वेळा टायरमध्ये ना खिळा सापडला ना काच ना तार. दाजी म्हणाले पडला असेल वाटेत, मी पण मान हलवली. खरंतर तिथंच थांबायला पाहिजे होतं, एकाच चाकाला परत परत पंक्चर आणि खिळा एकदाही नाही म्हणजे टोचणारी वस्तू रस्त्यावर नव्हतीच.

अजून दोन गोष्टी डोळ्यासमोर होत्या. एक म्हणजे रेंज. गाडी नवीन असताना फुल चार्जवर आमच्या रूटला ७५ किलोमीटर आरामात जायची, मे मध्ये ती ६५-६६ वर आली. मामा म्हणाला बॅटरी उतरायला लागली, मी शोरूमवाल्याशी फोनवर भांडून पण झालो. टायरमध्ये हवा कमी असली की रबर जास्त चेपतं, चाक जड फिरतं आणि तेवढी बॅटरी जास्त जाते, यात काही गुपित नाही, पण डिझेलच्या गाडीत हे कधी जाणवायचं नाही आणि इथं समोर आकडा दिसत असून आम्ही तो दुसऱ्याच्याच नावावर लिहिला. दुसरी गोष्ट वॉल्व्हची. रिमच्या भोकातून वॉल्व्ह सरळ बाहेर यायला पाहिजे, आमचा एका बाजूला कलंडलेला होता, मान मोडलेल्या कोंबडीसारखा. हवा भरताना नोझल नीट बसेना म्हणून दाजींनी पक्कडीनं तो सरळ करायचा प्रयत्न पण केलेला. का कलंडला हे कुणी विचारलं नाही.

आता चौथ्या दिवसाचं सांगतो.

आदल्या रात्री पहिला जोराचा पाऊस झाला होता. सकाळी समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या दिशेनं चढताना गाडी डावीकडं झुकली. दाजींनी कडेला घेतली, तोंड चढाला, हँडब्रेक ओढला आणि उतरले. मी बिलं घेऊन टू व्हीलरवर मागंच होतो. गाडीत २६ जार. वीस लिटरचा भरलेला जार डब्यासकट धरून साधारण २१ किलो, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपास माल चढावर उभा.

इथं पहिली चूक समजून घ्या कारण ती जुन्या सवयीतून आली. डिझेलची गाडी चढावर उभी करताना दाजी पहिला गिअर टाकून बंद करायचे, मग इंजिनच चाकाला धरून ठेवायचं. इलेक्ट्रिकमध्ये तसलं काही नसतं. मोटार बंद की चाक जवळपास मोकळं, पुढं-मागं जायच्या स्विचवर एफ (पुढं) असो नाहीतर आर (मागं), काय फरक पडत नाही. गाडीला धरतो तो एकटा हँडब्रेक, आणि आमची केबल ढिली झालेली, वर्षभरात कुणी ओढून घेतलेली नव्हती. त्यात चावी चालूच, कारण दाजींचा मोबाईल चार्जिंगला. चालू इलेक्ट्रिक गाडी आवाज करत नाही त्यामुळं ती चालू आहे हे लक्षातच राहत नाही. मागचं चाक वर उचललेलं असताना एखाद्या पोरानं गंमत म्हणून हँडलवरची मूठ पिरगळली की चाक गरकन फिरणार आणि पाना धरलेला हात तिथंच.

दाजींनी जॅक घेतला आणि खाली वाकून जिथं सपाट पत्रा दिसला तिथं लावला. तो पत्रा बॅटरीच्या पेटीचा तळ होता. मी म्हणलं, "दाजी, तिथं बॅटरी आहे." तेवढं त्यांनी ऐकलं आणि जॅक सरकवून अ‍ॅक्सलखाली घेतला. बॅटरीच्या पेटीवर गाडीचा भार टाकला तर पत्रा आत दबतो, आतल्या सेलला मार बसतो, आणि तो मार त्या दिवशी दिसतही नाही. आमची गाडी ४८ व्होल्टची आहे, पण जास्त व्होल्टेजच्या गाड्यांत जाड नारंगी केबल असते, तिच्या आसपास जॅक, पाना, टॉमी काहीच न्यायचं नाही.

कडेची माती रात्रीच्या पावसानं लोण्यासारखी झालेली. जॅक चार आटे वर गेला, चाक जरा हललं आणि जॅकचा पाय मातीत रुतला. गाडी मागं आली, फार नाही, वीतभर. पण जॅक आडवा झाला, गाडी धाडकन खाली बसली आणि दोन जार फाळक्यावरून उडी मारून उतारानं सुटले, त्यातला एक थेट खालच्या किराणा दुकानाच्या पायरीला जाऊन थांबला. दाजींच्या बोटांची सालं निघाली. खाली कुणी डोकं घातलेलं नव्हतं म्हणून एवढ्यावर भागलं.

मग आम्हाला अक्कल आली, म्हणजे अर्धी. समोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं दोन दगड आणि एक जाड फळी दिली. चावी काढून मी खिशात घातली. पुढच्या चाकामागं एक दगड आणि मागच्या उजव्या चाकामागं एक, कारण पुढचं चाक हँडलबरोबर वळतं, एकट्या त्याच्या जिवावर गाडी सोडायची नाही. जार सगळे उतरवले. तीनचाकीत हे जास्तच महत्त्वाचं, मागचा एक कोपरा उचलला की गाडी दोनच चाकांवर आणि जॅकवर तोललेली असते, वर माल असेल तर चढावर ती कलंडायला वेळ लागत नाही. फळीवर जॅक ठेवला आणि या वेळी गाडी नीट उचलली गेली. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवाच नाही. दीड वर्षात तिला कुणी बघितलं नव्हतं, तिच्यावर रिकामी पोती ठेवायची सवय. टपरीवाल्यानं त्याच्या ओळखीच्या पंक्चरवाल्या अण्णांना फोन लावला, ते येतो म्हणाले, आणि दाजींना वाटलं तोवर चाक खोलून ठेवू.

खरी भीतीची गोष्ट इथली आहे.

ह्या गाड्यांच्या बारक्या चाकाची रिम बहुतेक वेळा दोन अर्ध्या ताटांची असते, एकमेकांना तोंड लावून नट-बोल्टनी जोडलेली. स्कूटर, रिक्षा ज्यांनी खोलल्यात त्यांना माहिती असतं. म्हणजे चाकावर नटांची दोन वर्तुळं. एका वर्तुळातले नट चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, धरतात. दुसऱ्या वर्तुळातले नट रिमची दोन ताटं एकमेकांना धरतात, आणि त्या दोन ताटांच्या मधी दाबलेली हवा भरलेली असते. चाक काढायचं असेल तर पहिले नट सोडायचे. दुसऱ्यांना हवा भरलेली असताना हात लावायचा नाही, काहीही झालं तरी. दाजींनी पाना लावला तो दुसऱ्या वर्तुळाला. जुन्या गाडीला नटांची मांडणी वेगळी होती, हातानं जुनीच वाट धरली.

टायर बसलेला होता ना, मग हवा कुठली, असं त्यांना वाटलं आणि खरं सांगतो मला पण तसंच वाटलं. पण टायर बसतो तो वरच्या वजनानं. वजन काढल्यावर आत जी काही हवा राहिलेली असते ती असतेच. एक नट निघाला, दुसरा दोन आटे सुटला आणि रिमच्या सांध्यातून बारीक फुस्स ऐकू आलं. तेवढ्यात अण्णा एम ऐंशीवरून पोचले आणि गाडी स्टँडला लावायच्या आधीच ओरडले, "पाव्हणं, पाना सोडा! हवा काढली का आधी?"

दाजींनी पाना सोडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एका शब्दात कुणाचं ऐकताना बघितलं.

अण्णांनी सुटलेला नट बोटानं परत आवळला, चाकाच्या समोरून बाजूला सरकून बसले आणि वॉल्व्हची पिन काढली. आम्ही रिकामा म्हणत होतो त्या टायरमधून बराच वेळ हवा निघत राहिली. ती थांबल्यावर त्यांनी वॉल्व्हच्या नळीत बारीक तार घालून आतबाहेर केली, कारण कधी कधी नळीत चिखल नाहीतर ठिगळाच्या सोल्युशनची गोळी अडकते आणि हवा संपली असं आपल्याला वाटतं. मग टायरवर पाय देऊन बघितलं. मग कुठं हबचे नट. "आधी हवा, मग पाना," एवढंच म्हणाले, लेक्चर नाही.

घरी आल्यावर मी हिशोब करून बघितला, कारण मला अंदाजच नव्हता. ४० पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर ४० पाउंड, साधारण १८ किलो. दहा इंची रिमच्या आतल्या कडेची नुसती एक इंच रुंदीची गोल पट्टी धरली तर ती २८ चौरस इंच भरते. म्हणजे एका ताटाला बाहेर ढकलणारा जोर ५०० किलोच्या पुढं, आणि यात टायरची कड रिमला जो रेटा देते तो धरलेलाच नाही. आत १२ पीएसआय उरली असं धरलं तरी दीडशे किलो. राहिलेले नट आट्यावरून सुटले असते तर ते ताट दाजींच्या तोंडाच्या दिशेनं आलं असतं. हा आकडा मी दाजींना सांगितला नाही, ताईला सांगितला. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली.

चढावर चाक खोलायचं नाही म्हणून अण्णांनी ते एम ऐंशीवर घालून दुकानात नेलं, मी मागून. काढलेलं चाक परत आणेपर्यंत आधार म्हणून त्यांनी आमची बसलेली स्टेपनी चेसिसखाली आडवी सरकवून ठेवली, म्हणजे जॅक गेलाच तर गाडी तिच्यावर बसेल. मला हे फार आवडलं, एक पैसा खर्च नाही.

दुकानात अण्णांनी खडूनं टायरवर आणि रिमवर वॉल्व्हच्या जागी एक रेघ मारली, दोन्हीवरून जाणारी. नंतर कळलं का. रिमचे नट सोडले, दोन ताटं वेगळी केली, ट्यूब बाहेर काढली, थोडी फुगवून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. बुडबुडे आले ते अगदी बारीक, सोड्याच्या बाटलीसारखे, आणि ते ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला नाही तर आतल्या अंगाला, जी बाजू रिमला चिकटून असते. अण्णांनी बोट ठेवलं आणि आधीची तीन ठिगळं दाखवली. चारही एका ओळीत, हाताच्या पंज्यात मावतील एवढ्या अंतरात. खिळा रस्त्यावरचा असता तर ठिगळ बाहेरच्या अंगाला पाहिजे आणि कुठंही पाहिजे. तीन दुकानात तीन जणांनी ही ट्यूब हातात घेतली होती, ठिगळ मारलं आणि परत घातली, रिमकडं कुणी बघितलं नाही. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, आम्ही त्यांना घाईच तशी लावली होती.

मग ट्यूब जशी होती तशी टायरवर आडवी ठेवून, खडूची रेघ जुळवून, भोक रिमच्या कुठल्या जागी येतं ते शोधलं. तिथं बोट फिरवल्यावर मलाही लागलं. दोन ताटांचा सांधा जिथं येतो तिथं गंजाचे पापुद्रे उभे राहिलेले आणि एका ठिकाणी धातूची तासलेली बारीक धार, नखाला अडकेल एवढी. त्यावर आधीच्या कुणीतरी जुन्या ट्यूबची पट्टी कापून घातलेली, इलाज म्हणून, ती सरकून घडी पडली होती आणि ती घडीच ट्यूबला काचत होती.

गंज डाव्याच चाकाला का? आम्ही जार चढवतो उतरवतो ते डाव्या बाजूनं. ओले जार, सांडलेलं पाणी, प्लांटवर रोज धुणं, सगळं त्याच चाकावर. रिमच्या सांध्यातून पाणी आत शिरतं आणि आत वारा लागत नाही.

पण गंज तर वर्षभर असणार, भोकं आत्ताच का? इथं हवा आली. अण्णांनी उजवं चाक गेजनं बघितलं, २६. गाडीच्या स्टिकरवर मागच्या चाकाला लोडसकट ४२ लिहिलंय. (आमच्या गाडीचं सांगतोय, तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या स्टिकरवर असेल तोच.) आम्ही हवा अंगठ्यानं दाबून बघायचो, फार तर टायरला लाथ. आमचा टायर ४.५०-१०, आठ पीआरचा, म्हणजे साडेचार इंच रुंद, दहा इंची रिम, आणि आठ पीआर म्हणजे मालासाठीचा दणकट टायर. असला टायर २६ ला पण दगडासारखाच लागतो, अंगठ्याला काय कळणार त्यातलं. त्यात ऊन जाऊन पाऊस आला. साडेपाच अंश तापमान उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते, मे च्या दुपारी भरलेली हवा जूनच्या गार सकाळी अशीच दोन-तीननं कमी दिसते, बाकीची ट्यूबमधून हळूहळू जातेच.

हवा कमी असली की टायर रिमला घट्ट धरत नाही. आणि इलेक्ट्रिक मोटार उठतानाच पूर्ण जोर लावते, डिझेलसारखं क्लच सोडत सोडत नाही, शिवाय मूठ सोडली की रिजनरेशनमुळं, म्हणजे मोटारच ब्रेकसारखी ओढून बॅटरीत थोडं चार्जिंग परत घालते त्यामुळं, तीच मागची चाकं उलट्या बाजूला ओढली जातात. म्हणजे दिवसभर थांबत-उठत टायर रिमवर जरा पुढं जरा मागं सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते, आणि वॉल्व्ह भोकात अडकलेला असल्यामुळं तो कलंडतो. ती मान मोडलेली कोंबडी आम्हाला महिनाभर हेच सांगत होती. ट्यूब सरकली की गंजाच्या धारेवर घासली. वर ३० जार घालून निघायची आमची रीत, म्हणजे ६३० किलो, आणि गाडीची माल न्यायची क्षमता ५०० च्या आसपास. आरसीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही असतं, वजाबाकी करून बघायची आणि त्यातून चालकाचं वजन पण काढायचं, आम्ही दीड वर्षात ती वजाबाकी केली नव्हती.

टायरचा विषय निघाल्यावर मामा दुकानात आला होता. नक्षी चांगली शिल्लक होती, गोटा झालेला नव्हता. कायद्यानं, केंद्रीय मोटार वाहन नियमांत, दोन आणि तीनचाकीला नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, आमची त्याच्या कितीतरी पट होती. मामा म्हणाला, "अजून वर्षभर जाईल की हा." अण्णांनी टायरच्या आतून बोट फिरवलं आणि मामाच्या पांढऱ्या रुमालावर पुसलं. काळा भुगा. मग टायरच्या बगलेला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, आतून गोल पडलेली सुरकुती दाखवली. हवा कमी ठेवून माल ओढला की बगल सारखी मुडपते, आतलं रबर चुरतं, धागे तुटायला लागतात. बाहेरून टायर नवा दिसतो आणि एक दिवस बगलेतून फुटतो. बगलेला ठिगळ नसतं, ती गेली की टायर गेला. मामा गप्प बसला, रुमाल मात्र त्यानं दोन वेळा उलटसुलट करून बघितला.

रिमचं काय करायचं यावर पण जरा वाद झाला. मामाचं म्हणणं कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून धार भरून घासून घेऊ, शंभर-दोनशेत काम होतंय. अण्णा म्हणाले जोडलेली रिम मी चढवणार नाही, दुसरीकडं जा. वेल्डिंगच्या उष्णतेनं धातूचा कस जातो आणि आतून हवेचा रेटा कायम असतो. आणि टायर चढवलेल्या रिमला तर वेल्डिंगची ज्योत दाखवायचीच नाही, हवा काढलेली असली तरी, आतलं रबर तापून पेटणारा वायू सुटतो आणि टायर बॉम्बसारखा उडतो. शेवटी सांध्याची जास्त खाल्लेली रिम बदलली. उजव्या चाकाची रिम पण खोलून बघितली, तिथं नुसता वरचा गंज होता, ती तारेच्या ब्रशनं आणि काचपेपरनं घासून रेड ऑक्साइड लावून, वाळवून मग रंग दिला.

नवा टायर घेताना एक गोष्ट मी केली ज्याचा मला अभिमान आहे. बगलेवर लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल, म्हणजे १४२१ असेल तर २०२१ सालचा १४ वा आठवडा. दुकानदारानं आधी जो टायर काढला त्याचा आकडा बघून मी दुसरा मागितला, तो आतून ताजा घेऊन आला, किंमत तीच. आयएसआय मार्क टायरवर आणि ट्यूबवर दोन्हीवर बघितला. ट्यूब पण नवीन, चार ठिगळांची परत घालायची नाही हे ठरलंच होतं.

चढवताना अण्णांनी जे केलं ते सांगतो कारण ते मी जवळ उभं राहून बघितलं. टायर आतून फडक्यानं पुसला, हात आत फिरवून एखादा खडा राहिलाय का बघितलं. टाल्कम पावडर आत टाकून टायर गोल फिरवला. ट्यूबमध्ये जराशी हवा, नुसती गोल उभी राहील एवढीच, म्हणजे ती ताटांच्या मधी चिमटत नाही. दोन ताटं जुळवली, बोल्ट घालून नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले आणि सगळे शेवटपर्यंत घट्ट झाल्यावरच पंप लावला. दहा-बारा पीएसआय भरली, परत सगळी सोडली, परत भरली, त्यानं ट्यूबची घडी सुटते. भरताना चाक भिंतीकडं तोंड करून आडोशाला ठेवलं, नोझल चिमट्याचा, लांब पाइप, आणि अण्णा लांब बाजूला उभे. मी उत्सुकतेनं पुढं वाकलो तर कॉलर धरून मागं ओढलं.

चाक गाडीला लावताना हबचे नट उतरत्या तोंडाची बाजू रिमकडं, हातानं सगळे बसवून मग समोरासमोर, शेवटचा दाब गाडी जमिनीवर टेकल्यावर. दाजी पान्याला लोखंडी पाइप लावून वर उभे राहायला निघाले होते, "पक्कं बसू दे." अण्णा म्हणाले तसं केलं तर स्टड ताणून तुटतोय, कंपनीच्या पुस्तकातला टॉर्क (नट किती जोरानं आवळायचा तो आकडा) बघा नाहीतर हातभर पान्यानं सरळ हाताचा जोर पुरे. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर परत आवळायला आणायला लावली. आणली तेव्हा दोन नट पाव आटा घेतले.

पंक्चरचं लिक्विड आधीच टाकून ठेवावं का असं मी विचारलं. त्यांचं मत, ट्यूबवाल्या चाकात ते टाकलं की पुढं ठिगळ धरत नाही, आणि गंज असेल तर ते त्याला झाकून ठेवतं. मला पटलं.

यानंतर आम्ही केलेले बदल फार नाहीत. साडेतीनशेचा प्रेशर गेज घेतला, सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर गार असताना, तिन्ही चाकं आणि स्टेपनी. गाडी फिरून आल्यावर टायर तापलेला असतो, आकडा जास्त दिसतो, तेव्हा जास्त दिसली म्हणून हवा सोडायची नाही, पंपावरच्या पोरांना हे चार वेळा सांगावं लागलं, ते सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरतात. जार ३० वरून २२ केले, ४६२ किलो, त्यामुळं चिमणपुऱ्याची एक फेरी वाढली आणि मामा अजून त्यावर कुरकुरतो. सीटमागं दोन लाकडी पाचर आणि फळीचा तुकडा. हँडब्रेकची केबल ओढून घेतली. रिमच्या ताटांच्या नटांवर मी लाल ऑइल पेंट लावला, हबच्या नटांवर नाही, दाजींना काही न बोलता. त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितलं, काही बोलले नाहीत, पण उजव्या चाकाचा एक नट माझ्याकडून राहिला होता तो त्यांनीच रंगवला.

रेंज ७३ वर आलीय. सगळं श्रेय हवेला देता येणार नाही, माल पण कमी केलाय, पण शोरूमवाल्याला मी फोन करून सॉरी म्हणलं.

परवा शुक्रवारी डावं चाक ३८ दाखवत होतं, सोमवारी ४२ होतं. मी म्हणलं झालं परत सुरू. दाजी खाली बसले, वॉल्व्हचं टोपण काढलं, बोटावर थुंकी घेऊन वॉल्व्हच्या तोंडाला लावली आणि आम्ही दोघं डोकं लावून बघत बसलो. अर्ध्या मिनिटानं तिथं मोहरीएवढा बुडबुडा आला. दाजींनी वर बघितलं, "पिन गेलीय. आधी हवा सोडू, मग बदलू." दहा रुपयाची पिन.